सही नको, प्रश्न पाठवा



मागच्या अंकात आम्ही तव्याच्या काळ्या थराचे रसायनशास्त्र सांगितले. त्यानंतर निदान चार घरी आमच्यासमोर तवे ठेवण्यात आले आणि ‘हा टाकू की ठेवू?’ असा निकाल मागण्यात आला. त्यामुळे या वेळी स्वयंपाकघरातून काढता पाय घेऊन थेट अंतराळात जायचे ठरवले आहे. निमित्त एका सहीचे आहे. खरे म्हणजे दोन सह्यांचे, एक मिळालेल्या आणि एक राहून गेलेल्या.

१० ऑगस्ट २०२४ची गोष्ट. त्या शनिवारी आम्ही पाच जण मँचेस्टरहून सकाळच्या गाडीने ग्लासगोला निघालो. आमचे एक स्नेही आहेत. मंडळात त्यांना सगळे ‘कॅप्टन’ म्हणतात, कारण अंतराळयानाच्या मालिकांचा एकही भाग त्यांनी सोडलेला नाही आणि मंडळाच्या सभेतही ते यानाच्या पुलावर उभे राहिल्यासारखेच बोलतात. ते, वहिनी, त्यांची दहा वर्षांची छोटी, आमचे एक भूलतज्ज्ञ मित्र आणि आम्ही. वहिनींना विज्ञानकथेचे काही देणेघेणे नव्हते. ‘तुम्ही चौघे उपाशी फिराल म्हणून येते,’ असे त्यांनी आधीच जाहीर केले होते. तिखटामिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लिंबाचे लोणचे एवढा ऐवज त्यांच्या पिशवीत होता. गाडी कार्लाइलला पोचायच्या आत निम्मा संपला.

ग्लासगोला त्या आठवड्यात ‘वर्ल्डकॉन’ भरले होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्ल्डकॉन म्हणजे जागतिक विज्ञानकथा संमेलन. पहिले १९३९ साली न्यूयॉर्कला भरले. मध्ये महायुद्धाची काही वर्षे सोडली तर ते दरवर्षी भरत आले आहे, दर वेळी वेगळ्या गावी. ग्लासगोला यापूर्वी १९९५ आणि २००५ साली भरले होते. आपल्या साहित्य संमेलनासारखेच, पण अध्यक्षपदावरून वाद नाहीत. त्याऐवजी सभासद मते देऊन वर्षातल्या उत्तम कथा-कादंबऱ्यांना ‘ह्यूगो’ पारितोषिके देतात. ही पारितोषिके १९५३ पासून आहेत. आणि आम्हा मंडळवाल्यांना सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे हा सगळा डोलारा बिनपगारी कार्यकर्ते उभा करतात. दारावरचे, माहितीच्या टेबलावरचे, रांगा लावणारे सगळे आपल्या गणपतीच्या स्वयंसेवकांसारखेच. तोच थकलेला चेहरा आणि तोच गळ्यातला बिल्ला. आम्ही एकाला विचारले, ‘चहा झाला का?’ तो बिचारा इतका गहिवरला की त्याने आम्हाला योग्य दालनापर्यंत पोचवून दिले.

संमेलन क्लाइड नदीकाठच्या प्रदर्शन केंद्रात होते. ग्लासगो सेंट्रलला खालच्या फलाटावर गाडी बदलली की एक्झिबिशन सेंटर नावाच्याच स्टेशनवर उतरता येते. शेजारी खवल्या मांजराच्या पाठीसारखे दिसणारे सभागृह आहे. वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने त्याचा आराखडा केला आणि ते १९९७ साली उघडले. छोटीने ते पाहताच ‘हे यान आहे’ असा निर्णय दिला. कॅप्टननी वडिलकीने मान डोलावली.

आता सह्यांकडे वळू. सह्यांचे मेळे दोन प्रकारचे असतात. चित्रपट आणि मालिकांच्या मेळ्यांत नट-नट्या टेबलामागे बसतात आणि सहीला पैसे पडतात. फोटो हवा तर आणखी वेगळे. कॅप्टननी पूर्वी एकदा एका नटाच्या सहीसाठी इतके पैसे मोजले होते की वहिनींना तो आकडा अजून कळलेला नाही. (वहिनी, हे वाचत असाल तर आम्हालाही तो माहीत नाही.) वर्ल्डकॉनची रीत वेगळी. लेखक ठरल्या वेळी ओळीने येऊन बसतात, आपण पुस्तक घेऊन उभे राहायचे, सही फुकट. फक्त माणशी मोजकीच पुस्तके न्यायची, म्हणजे मागच्यांनाही वेळ मिळतो.

आमची पाच जणांची रांग एका लेखिकेसमोर लागली. त्यांचे नाव इथे मुद्दाम देत नाही. त्या दिवशी आमचे जे बोलणे झाले ते छापायची त्यांची परवानगी आम्ही घेतलेली नाही. कादंबरी अशी : एक मोठे यान पृथ्वी सोडून निघाले आहे. प्रवास इतका लांबचा की निघालेली माणसे वाटेतच म्हातारी होऊन जाणार, त्यांची मुले यानावर जन्मणार, आणि पोचणार ती नातवंडे. छोटीने हे पुस्तक दोनदा वाचले होते.

रांगेत तास-दीड तास जातो. त्या वेळात आम्ही मंडळींना आयझॅक आसिमॉव्हची गोष्ट सांगितली. ती इथेही सांगतो, कारण आसिमॉव्ह आमच्या जातीचे, म्हणजे रसायनशास्त्रज्ञ. १९४८ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांची पीएचडीची तोंडी परीक्षा व्हायची होती. प्रबंधाच्या कोरड्या भाषेचा सराव म्हणून त्यांनी एक खोटा शोधनिबंध लिहिला होता. त्यातले ‘थायोटिमोलिन’ नावाचे काल्पनिक रसायन पाणी घालायच्या थोडे आधीच विरघळते! विज्ञानकथांच्या मासिकाला तो पाठवताना त्यांनी विनंती केली होती की परीक्षकांचा रोष नको, टोपणनावाने छापा. संपादकांनी तो खऱ्या नावानेच छापला. परीक्षेच्या अखेरीस एका परीक्षकाने गंभीर चेहऱ्याने थायोटिमोलिनवरच प्रश्न विचारला, आणि आसिमॉव्हना हसू आवरेना. परीक्षक चेष्टा करताहेत म्हणजे आपण पास, हे त्यांनी ओळखले.

भूलतज्ज्ञ म्हणाले, ‘आमच्या तोंडी परीक्षेत असं कुणी हसलं नाही.’

मग आम्ही पिशवीतून आमचे पुस्तक काढले. जयंत नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’. सहीसाठी नव्हे, मित्रांना दाखवायला नेले होते. नारळीकरांची गोष्ट आसिमॉव्हच्या अगदी उलटी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. आपले नाव पाहून परीक्षक दबतील म्हणून त्यांनी नाव घातले नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. एकाला नाव लपवायचे होते ते जमले नाही, दुसऱ्याने लपवले आणि नावही झाले.

छोटीने पुस्तक चाळले. तिचे मराठी वाचन अडखळत चालते, पण चालते. रविवारच्या शाळेच्या बाईंना त्याचे श्रेय. तिने विचारले, ‘यावर त्यांची सही का नाही?’

म्हणून आम्ही तिला नारळीकरांची सहीची पद्धत सांगितली. मुले स्वाक्षरीच्या वह्या घेऊन गेली की ते सही देत नसत. म्हणत, घरी जा, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून मला पाठवा. मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन. ती सही तुमची. आणि ते खरोखर उत्तरे लिहीत. जगभर मान असलेला खगोलशास्त्रज्ञ, केंब्रिजला फ्रेड हॉयल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडलेला माणूस, शाळेतल्या मुलांच्या पोस्टकार्डांना आपल्या हाताने उत्तरे देत असे. (हे हॉयल इथलेच, ब्रॅडफर्डजवळच्या बिंगलीचे. तेही विज्ञानकथा लिहीत. गुरुशिष्य दोघांना एकच खोड.)

‘म्हणजे फुकट नाही,’ छोटी म्हणाली. ‘प्रश्न द्यायला लागतो.’

एवढ्यात आमचा नंबर आला. कॅप्टन इतके गडबडले की त्यांनी लेखिकेला सही करायला स्वतःच्या चष्म्याचे घर दिले. वहिनींनी ते काढून घेऊन पुस्तक पुढे सरकवले. मग छोटी. लेखिकेने नाव विचारून लिहिले, सही केली, पुस्तक मिटले. आणि छोटी तिथून हलेना.

वहिनी हळूच म्हणाल्या, ‘चल गं, मागे लोक आहेत.’

छोटी इंग्रजीत म्हणाली, ‘मला एक प्रश्न आहे. यानावरची मुलं पृथ्वीवर कधीच जाणार नाहीत. मग त्यांना पृथ्वीवरची गाणी का शिकवतात?’

आम्ही मोठे चौघे एकदम जमिनीकडे पाहू लागलो. लेखिकेने पेन खाली ठेवले. त्या म्हणाल्या की त्यांनी मोठ्यांच्या बाजूने याचा विचार केला होता, मुलांच्या बाजूने नाही, त्यामुळे नीट उत्तर त्यांच्यापाशी नाही. मग त्यांनी उलट विचारले, ‘तुला काय वाटतं?’

छोटी थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, ‘मला वाटतं, एकट्याने गाताना मोठ्यांना कसंतरी होतं म्हणून.’

लेखिकेने पुस्तक पुन्हा उघडले आणि सहीखाली तिचा प्रश्न जसाच्या तसा लिहून ठेवला. उत्तर लिहिले नाही.

दालनाबाहेर आल्यावर वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर एवढेच म्हणाल्या, ‘दर रविवारी मी हिला ओढून शाळेत नेते. मला वाटायचं, हे तिच्यासाठी आहे.’ कॅप्टन म्हणाले, ‘तिच्यासाठीही आहे.’ त्यावर चर्चा झाली नाही. नदीकाठी बसून उरलेल्या पुऱ्या संपवल्या. पण मंडळी, हा प्रश्न आम्ही तिथेच टाकून आलो नाही. मराठी शाळा चालवणाऱ्या आपणा सर्वांना तो विचारलेला आहे असे आम्ही धरून चालतो.

परतीच्या गाडीत छोटी पुन्हा ‘यक्षांची देणगी’ घेऊन बसली. पानांतून एक पोस्टकार्ड खाली पडले. पिवळे पडलेले (मुळातच पिवळे, पण आणखी), शाईच्या पेनाने लिहिलेले. पत्ता : डॉ. जयंत नारळीकर, आयुका, पुणे. पाठीवर शिक्का नाही.

आता कबुली देणे भाग आहे. २००२ साली आम्ही साताऱ्याला आठवीत होतो. विज्ञानाच्या बाईंनी ही पोस्टकार्डाची गोष्ट वर्गात सांगितली, आणि आम्ही त्याच संध्याकाळी कार्ड लिहिले. प्रश्न असा होता : ‘कृष्णविवरात मिठाचा खडा टाकला तर तो मीठच राहील का?’ थोरल्या भावाने तो वाचला आणि म्हणाला, ‘एवढा मोठा माणूस, आणि त्याला तू मिठाचा खडा विचारणार?’ आम्ही कार्ड पुस्तकात घातले. आणखी चांगला प्रश्न सुचला की नवे कार्ड लिहू, असे ठरवले. पुढे बारावी, एमएस्सी, पीएचडी, परदेश. प्रश्न पुष्कळ सुचले, कार्ड लिहिले नाही.

‘काका, हे पाठवलंच नाही?’

‘राहिलं.’

‘ते आहेत ना अजून?’

‘आहेत. पुण्याला असतात.’

‘मग पाठवा ना आता.’

आम्ही म्हणालो, दिवाळीला पुण्याला जाणारच आहोत, तेव्हा तिथूनच टाकू, लवकर पोचेल. दिवाळीला पुण्याला गेलो. खरेदी झाली, बँकेची कामे झाली, तीन लग्नांचे आहेर पोचवले. कार्ड पुस्तकात आणि पुस्तक मँचेस्टरला कपाटात राहिले.

२० मे २०२५ रोजी सकाळी प्रयोगशाळेत भावाचाच निरोप आला. नारळीकर गेले. वय ८६. मंगलाताई आधीच, जुलै २०२३ मध्ये गेल्या होत्या. आम्ही काचेची भांडी धूत होतो, ती धूतच राहिलो. त्यांना आम्ही कधी भेटलो नव्हतो, तेव्हा दुःख झाले म्हणणे थोडे आगाऊपणाचे वाटते. पण बावीस वर्षे हातात असलेली गोष्ट आपणच लांबणीवर टाकली, आणि तीसुद्धा प्रश्न बावळट दिसेल या भीतीने, याची लाज मात्र वाटली. शेवटी एका दहा वर्षांच्या मुलीने आठवण करून दिली होती. तेव्हाही नऊ महिने होते.

असो. सदरात उपयुक्त माहिती हवी असा संपादकांचा आग्रह असतो, म्हणून सहीविषयी दोन रासायनिक सूचना देतो. पुस्तकावर सही घ्यायची तर रंगकणांची, म्हणजे पिगमेंटची शाई असलेले पेन न्या. साध्या पेनांत विरघळणारा रंग असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचे रेणू तुटतात आणि सही पुसट होत जाते. रंगकण जास्त टिकतात. गुळगुळीत फोटोवर शाई मुरत नाही, तिथे पक्क्या शाईचा मार्कर हवा, आणि वाळेपर्यंत बोट लावायचे नाही. सही केलेला फोटो पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिकमध्ये ठेवू नका. त्यातले मऊपणा आणणारे द्रव्य शाई ओढून घेते. पॉलिप्रॉपिलीनचे पाकीट चांगले. आणि लोणच्याची बाटली पुस्तकांच्या पिशवीत ठेवू नये. ‘यक्षांची देणगी’च्या मलपृष्ठावर आता एक तेलकट नकाशा आहे. त्यावर आमच्याकडे उपाय नाही.

आता मुख्य मुद्दा. येत्या गणेशोत्सवात हॉलच्या दाराशी, चपलांच्या रॅकशेजारी, एक पेटी ठेवायचे कार्यकारिणीने मान्य केले आहे. मुलांनी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एक प्रश्न लिहून त्यात टाकायचा. विज्ञानाचा, इतिहासाचा, आजीच्या गावाचा, कसलाही. शक्यतो मराठीत. शुद्धलेखन तपासले जाणार नाही. आपल्या मंडळात डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, हिशेबनीस आहेत, परिचारिका आहेत, बस चालवणारे आहेत. ज्याला जे येते त्याने त्याचे उत्तर हाताने लिहायचे आणि खाली सही करायची. ‘मला माहीत नाही’ हे उत्तर चालेल, पण त्याखालीसुद्धा सही हवी. आणि कोणाच्याही प्रश्नाला हसायचे नाही. हा एकच नियम कडक आहे.

पेटी अजून रंगवून व्हायची आहे, पण पहिले कार्ड त्यात पडले आहे. ते आमचेच, २००२चे. उत्तर कोणी द्यायचे हे छोटीने परस्पर ठरवले : ‘काका, मीठ तुमच्याकडेच येतं ना?’ तेव्हा दोन संध्याकाळी बसून उत्तर लिहिले ते असे :

‘चि. आठवीतल्या मुलास, अनेक आशीर्वाद. कृष्णविवराचे गुरुत्वाकर्षण वस्तूच्या जवळच्या टोकाला जास्त आणि लांबच्या टोकाला कमी ओढते. त्यामुळे वस्तू ताणली जाते. माणूस उंच असल्याने तो लवकर तुटेल. मिठाचा खडा लहान, त्यामुळे तो बराच आतपर्यंत टिकेल. कृष्णविवर फार मोठे असेल तर सीमा ओलांडतानाही तो मीठच असेल. पुढे मात्र मध्याजवळ ताण इतका वाढेल की सोडियम आणि क्लोरीन एकमेकांना धरून ठेवू शकणार नाहीत. आणि एक गंमत : आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताप्रमाणे बाहेरून पाहणाऱ्याला आत मीठ पडले की साखर, हे कधीच कळणार नाही. विवराचे वस्तुमान तेवढे वाढलेले दिसेल. तुझा प्रश्न चांगला आहे. तो विचारायला हवा होतास.’

खाली सही केली. छोटीने कार्ड उजेडात धरून पाहिले, शाई वाळली की नाही ते बोट न लावता तपासले, आणि पुन्हा पुस्तकात ठेवले.

तुमच्या मुलांची कार्डे गणपतीच्या आधी येऊ द्यात. मोठ्यांचीही चालतील.

कळावे, लोभ असावा.